गिऱ्हाइकाची शंका आणि धंद्याचा फोटो

अध्यक्ष महाराज, आणि दुकान लवकर बंद करून, काहींनी तर गल्ला मुलाच्या हवाली करून येथे आलेल्या व्यापारी व उद्योजक बंधुभगिनींनो,

पत्रिकेवर छापलेला विषय ‘आपल्या व्यवसायासाठी छायाचित्रणाची योग्य शैली कशी निवडावी’ असा भारदस्त आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे वस्तूंचे फोटो, वापरात दाखवलेल्या वस्तूंचे फोटो, खाद्यपदार्थ, वास्तू, कारखाना आणि माणसे अशा सगळ्या प्रकारांवर मी बोलेन असे मी संयोजकांना कबूल केलेले आहे, आणि ते मी करीनच. मात्र त्याआधी माझे एक लाडके मत आहे. ते मी स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आलो आहे, पण तेथे पाहुण्यांसाठी दोनच खुर्च्या असतात. तेव्हा आज एवढे श्रोते एकदम सापडल्याचा फायदा मी घेणार आहे.

मत असे की, खिशातून पैसे काढण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या मनात एक शंका असते, आणि ज्या तऱ्हेच्या फोटोने त्या शंकेचे उत्तर मिळते ती तुमच्या धंद्याची शैली होय. शैली तुमच्या आवडीवरून ठरत नाही, माझ्या आवडीवरून तर मुळीच ठरू नये, आणि समोरच्या दुकानदाराने काय केले यावरून ठरवणे म्हणजे त्याच्या चष्म्याच्या नंबरचा चष्मा आपण घालून पाहण्यासारखे आहे. एवढे पटले तर उरलेले सगळे तपशील आहेत. पण तपशिलातच माझे पोट भरत असल्यामुळे ते सांगणे भाग आहे.

आपल्याकडे नेमके उलट कसे चालते ते पाहा. आपल्या नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याची वेबसाइट उघडली की पहिल्या पानावर बहुधा पिवळे हेल्मेट घातलेला एक गोरा अभियंता दिसतो. त्याच्या हातात गुंडाळलेला नकाशा असतो, आणि तो सूट घातलेल्या दुसऱ्या गोऱ्या गृहस्थाशी हस्तांदोलन करीत असतो. हा अभियंता त्र्यंबक रस्त्यापासून सिन्नरपर्यंत इतक्या कारखान्यांत एकाच वेळी कामाला आहे, आणि तरीही कुठल्याही हजेरीपटावर त्याचे नाव नाही. पुढच्या पानावर उद्घाटनाचा फोटो असतो : फीत, नारळ, मान्यवर, मान्यवरांच्या मागे मान्यवर, आणि सगळ्यांत मागे कोपऱ्यात, ज्याच्या जोरावर हा कारखाना उभा आहे ते संगणकाच्या हुकमाने धातू कापणारे सीएनसी यंत्र अर्धे झाकलेले. ज्याला तुमच्याकडून पार्ट बनवून घ्यायचे आहेत त्या खरेदी अधिकाऱ्याची शंका ‘या लोकांकडे माझे माप सांभाळणारी यंत्रे आणि ते माप तपासणारी खोली आहे का’ अशी असते. तिला उत्तर म्हणून आपण त्याला नारळ दाखवतो.

आमच्या व्यवसायाची बाजूही मी झाकून ठेवणार नाही. लग्नाच्या हंगामात ज्या लेन्सवर नवरीच्या पापण्या तेवढ्या स्पष्ट आणि बाकीचे सगळे सायीसारखे धूसर करायचे असते, तीच लेन्स घेऊन काही मंडळी ज्येष्ठ-आषाढात कारखान्यात शिरतात. मग एका गिअर बॉक्सच्या फोटोत एकच बोल्ट लख्ख दिसतो आणि उरलेला गिअर बॉक्स स्वप्नात गेलेला असतो. मालक तो फोटो पाहून ‘एकदम सिनेमॅटिक’ म्हणतात, आणि गिअर बॉक्स विकत घेणारा माणूस फोन करून ‘पूर्ण मशीन दिसेल असा एखादा फोटो आहे का’ असे विचारतो.

नाशिकमध्ये कॅमेऱ्याविषयी बोलताना दादासाहेब फाळके यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेला आणि १९४४ साली नाशिकमध्येच देह ठेवलेला हा माणूस सिनेमाकडे वळण्यापूर्वी व्यावसायिक छायाचित्रकार होता. गुजरातेत स्टुडिओ चालवताना त्यांच्यापुढे आलेली गिऱ्हाइकाची शंका तर फारच मूलभूत होती : कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो म्हणे, मग फोटो काढून घ्यायचा कशाला? पण मला सांगायचे आहे ते १९१२ सालचे. सिनेमा काढण्यासाठी भांडवल हवे होते आणि ते देऊ शकणाऱ्यांच्या मनात साहजिकच शंका होती की, हे यंत्र या माणसाच्या हातून खरोखर चालेल का. दादासाहेबांनी त्यांच्यापुढे राजवाड्यांची रेखाचित्रे मांडली नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण रोज करीत गेले, आणि मिनिटभरात रोप जमिनीतून वर येऊन मोठे होताना दाखवले. सावकाराच्या मनातल्या शंकेला इतके नेमके उत्तर देणारे व्यावसायिक चित्रण मला दुसरे माहीत नाही. त्याच्या जोरावर कर्ज मिळाले आणि पुढचा १९१३ सालचा इतिहास आपण सगळे जाणता. वाटाणा काही देखणा नव्हता, हे कृपया लक्षात ठेवावे.

आता भांडी बाजारातल्या एका दुकानाची हकिगत सांगतो. दुकान ओळखीचे आहे, म्हणून नाव सांगत नाही. तिसऱ्या पिढीतला तरुण मालक ऑनलाइन विक्री सुरू करून बसला होता, आणि त्याने दुसऱ्या कोणाकडून तरी खर्च करून फोटो काढून घेतले होते. नऊवारी नेसलेली एक मॉडेल, तिच्या कमरेवर पितळी घागर, मागे गोदाघाट, आणि सूर्य नेमका घागरीच्या काठाला टेकलेला. फोटो उत्तम होते, हे मी व्यवसायबंधूंच्या बाबतीत सहसा मान्य करीत नाही, पण येथे करतो. लाइक्स भरपूर आले. प्रश्नही भरपूर आले. निम्मे प्रश्न ‘साडी कुठली’ असे होते. उरलेले मात्र कामाचे होते : किती लिटरची? वजन किती? बूड सपाट आहे का? पातेले असेल तर आतून कल्हई केलेली येते का? या प्रश्नांना एकेक करून उत्तर देता देता मालक थकला. माल हलेना, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि ‘याच्यापेक्षा भारी काढून द्या’ म्हणाला. स्वतः फोनवर काढलेले काही फोटोही त्याने दाखवले. त्यांतल्या एका चकचकीत हंड्याच्या पोटात त्याचा चुलतभाऊ बर्म्युडावर उभा राहून जांभई देताना स्पष्ट दिसत होता.

मी त्याला म्हणालो, फोटोचे नंतर पाहू, आधी मला दुकानात बसू द्या. गल्ल्यावर त्याचे वडील होते. थोड्या वेळाने एक बाई मुलीच्या लग्नात द्यायला पितळी पातेले पाहण्यासाठी आल्या. काकांनी फळीवरून पातेले काढले आणि पहिल्यांदा ते उपडे केले. बूड बाईंच्या समोर धरून त्यावर हात फिरवला. मग बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकवला. काठ अंगठ्याखालून गोल फिरवून ‘धार लागत नाही बघा’ म्हणाले. मग पातेले काट्यावर ठेवून काट्याचा आकडा बाईंकडे वळवला. शेवटी उंबऱ्याजवळ उन्हात नेऊन आतली कल्हई दाखवली.

‘काका, ही टिकेल ना?’ बाईंनी विचारले.

‘ताई, रिकामं भांडं गॅसवर ठेवून तापवलं नाहीत तर टिकेल. कथील आहे ते, जास्त तापलं की वितळतं. दुधाला, भाताला काळजी नाही.’

पुढे भावाची थोडी घासाघीस झाली आणि पातेले गेले. या सगळ्या व्यवहारात काकांनी पातेल्याच्या सौंदर्याविषयी एक शब्दही काढला नाही. मी मुलाला म्हणालो की, तुझी शैली तुझे वडील रोज गल्ल्यावर करून दाखवतात. आपण फक्त ती त्याच क्रमाने टिपायची. मग प्रत्येक भांड्याचे फोटो तसेच काढले : बूड, बाजूने पूर्ण भांडे आणि शेजारी मापाचा अंदाज यावा म्हणून काकांचा हात, काठ जवळून, काट्यावर ठेवलेले भांडे, आकड्यासकट, आणि शेवटी आतली कल्हई. आवाज तेवढा फोटोत येत नाही, म्हणून त्याचा छोटा व्हिडिओ केला. विक्री नेमकी किती वाढली हे मालक मला अजूनही नीट सांगत नाही, कारण आकडा कळला तर माझे बिल वाढेल अशी त्याला भीती आहे. पण ‘आतून कल्हई आहे का’ हा प्रश्न यायचा थांबला, हे त्याने स्वतः सांगितले. घाटावरचा तो घागरीचा फोटोही वाया गेला नाही. दिवाळीत दुकानाच्या फलकावर तो लावला आणि शोभलाही, कारण दुकानासमोरून जाणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला शंका नव्हती, त्याला फक्त आठवण द्यायची होती.

विषय निघालाच आहे तर पितळेविषयी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पितळ, तांबे, चांदी आणि स्टील यांचा व्यापार करणारे बरेच जण समोर दिसताहेत. चकचकीत धातूवर प्रकाश टाकून तो उजळत नाही. तो आरसा असतो आणि खोलीत जे आहे ते दाखवतो. म्हणून फ्लॅश थेट मारला की एक पांढरा डाग आणि बाकी काळोख मिळतो. भांडे उजळायचे तर त्याच्या आजूबाजूची जागा उजळावी लागते. भांड्याभोवती पांढऱ्या अर्धपारदर्शक कापडाचा तंबू करायचा, दिवे तंबूच्या बाहेर ठेवायचे आणि कापडाला ठेवलेल्या फटीतून लेन्स आत डोकवायची. पण इथे थांबलात तर हंडा कागदातून कापल्यासारखा सपाट दिसतो, कारण सगळीकडे पांढरेच प्रतिबिंब असते. मग तंबूच्या आत दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या उभ्या करायच्या. त्यांचे प्रतिबिंब भांड्याच्या कडेला काळी रेघ होऊन उमटते आणि गोलाई दिसू लागते. मठारलेल्या तांब्याच्या भांड्याचे आणखी निराळे. हातोडीचे ठोके दिसावेत म्हणून त्याला एका बाजूने, अगदी तिरपा प्रकाश द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या एका अंगाला सावली पडते. समोरून प्रकाश दिलात तर तांबटाची सगळी मेहनत पुसली जाते आणि भांडे यंत्रावर दाबून काढल्यासारखे दिसते. पत्र्याच्या भांड्याच्या भावात मठारकाम विकायचे असेल तर समोरून प्रकाश द्यायला माझी हरकत नाही.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. तीत ‘दहा मिनिटे’ लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. म्हणजे जो विषय पत्रिकेवर छापला आहे तो आता सुरू करायला हवा.

पहिला प्रकार पांढऱ्या पार्श्वभूमीचा. अॅमेझॉनसारख्या बाजारपेठेत मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे संगणकाच्या मापात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग पूर्ण, २५५. चौकटीचा ८५ टक्के भाग वस्तूने भरावा लागतो, आणि झूम चालावा म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. येथे शैली निवडायला वाव नाही, नियम पाळावा. पण तो नियम मुख्य फोटोपुरता आहे, पुढचे फोटो शंकांसाठी मोकळे असतात. येवल्याच्या पैठणीवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तेथे गिऱ्हाइकाला हातमाग की यंत्रमाग ही शंका असते, आणि तिचे उत्तर पदराच्या उलट्या बाजूच्या फोटोत आहे. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो, यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. मोरावर आणि कमळावर लेन्स रोखून बसण्यापेक्षा तो एक फोटो द्यावा. दुसरी शंका रंगाची. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; दुकानातले पांढरे दिवे ६५०० केल्विनचे आणि जरीवर झगमगाट यावा म्हणून लावलेले पिवळे २७०० केल्विनच्या आसपासचे, असे दोन्ही एकाच फोटोत आले की जांभळा रंग कोणता हे देवालाही सांगता येत नाही, आणि साडी परत येते. एकाच तऱ्हेचा प्रकाश ठेवावा आणि पहिल्या फोटोत करड्या रंगाचे कार्ड धरून त्यावरून रंग जुळवावा.

द्राक्षे. निफाड-दिंडोरीकडची मंडळी मागच्या रांगेत आहेत, त्यांच्यासाठी एवढेच. मण्यांवरचा पांढुरका मेणचट थर फोटोपूर्वी पुसून मणी चमकवू नयेत आणि वर पाण्याचे तुषारही मारू नयेत. तो थर शाबूत असणे म्हणजे घडाला कमीत कमी हात लागल्याची खूण, आणि परदेशी आयातदार तीच शोधत असतो. घडाशेजारी मण्याचा व्यास मोजणारे माप, पॅकहाऊसमध्ये टोपी व हातमोजे घातलेल्या बायका काम करताना, आणि भरलेला डबा लेबलासकट, एवढे त्याला पुरते. पाण्याच्या थेंबांचे फोटो ज्यूसच्या दुकानात लावावेत.

मिसळ आणि एकूण खाद्यपदार्थ. वरून, विमानातून काढल्यासारखे ताटाचे फोटो सध्या चालतात, पण वरून रश्शाची खोली दिसत नाही आणि तर्रीचा थर एक लाल वर्तुळ होऊन बसतो. खाणारा बसतो त्या उंचीवरून, थोडे तिरके काढावे, आणि ताट आल्याबरोबर काढावे, कारण शेव भिजते आणि तेल गोठत नसले तरी निस्तेज होते. मात्र मळ्यातल्या मिसळीला रविवारी सहकुटुंब जाणाऱ्या माणसाला चवीची शंका नसते, ती त्याने ऐकलेली असते. गाडी कुठे लावायची, सावलीत बसायला जागा आहे का, मुलांना झोपाळा आहे का, आणि हात धुवायची जागा कशी आहे, हे तो फोटोत शोधत असतो. ते चार फोटो जवळपास कोणीच टाकत नाही.

हॉटेल आणि लॉज. २०२७ च्या सिंहस्थापूर्वी सगळ्यांना फोटो हवे आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. १६ मिलिमीटरच्या रुंद लेन्सने दहा बाय दहाची खोली सभागृह दिसते, आणि दार उघडल्यावर जो राग येतो तो पुढे रिव्ह्यूमध्ये लिहिला जातो. फोटोतल्या भिंती उभ्या सरळ ठेवाव्यात, लेन्स बेताची वापरावी, आणि वृद्ध आईवडिलांना घेऊन येणाऱ्या यात्रेकरूसाठी लिफ्ट, कमोड व जिन्याच्या पायऱ्या यांचे फोटो जरूर द्यावेत. रामकुंडाचा फोटो देऊ नये, तो त्याने पाहिलेला आहे.

कारखान्याविषयी तक्रार करून झाली, आता उपाय. यंत्राची नावपाटी, मापन कक्ष, तयार पार्टची जवळून दिसणारी घासकाम झालेली बाजू, आणि पायात सुरक्षेचे बूट असलेला तुमचा स्वतःचा कामगार, त्याच्या संमतीने. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले नाही तर फोटोवर पट्टे उमटतात. टेबलावर पसरलेली दुसऱ्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज आधी झाकावीत, कारण फोटोतले ड्रॉइंग वाचणारे लोक असतात. वरून ड्रोनने शेड दाखवण्याची हौस असेल तर परवानगीचे आधी पाहावे. ओझरचा विमानतळ, देवळालीची लष्करी छावणी आणि नाशिकरोडची नोटांची मुद्रणालये यांच्यामुळे आपल्या शहराभोवतीचे आकाश सर्वांसाठी मोकळे नाही.

माणसांचे फोटो. डॉक्टर, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्याकडे जाणाऱ्याला ‘हा माणूस माझे ऐकून घेईल का’ अशी शंका असते. हाताची घडी आणि वर उचललेली हनुवटी तिला ‘नाही’ असे उत्तर देते. खिडकीचा मऊ प्रकाश, डोळे लेन्सकडे, ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, आणि पार्श्वभूमीला नेहमीचे कार्यालय. वकील मंडळींना बार कौन्सिलच्या नियमांनुसार जाहिरातच करता येत नाही, त्यामुळे त्यांनी माझ्याकडे फक्त ओळखपत्राच्या फोटोसाठी यावे, मी चहा पाजीन.

आता संगणकाने बनवलेल्या चित्रांविषयी कोणीतरी विचारणारच. पार्श्वभूमी बदलायला वापरा. पण वस्तूच बदललीत, म्हणजे आहे त्याहून जाड काठ, भरघोस मणी, मोठी खोली दाखवलीत, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा केलीत तर पन्नास लाखांपर्यंत.

शेवटी कागदपत्रे, घाईघाईत. मोबदला देऊन तुम्ही सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, स्वामित्व हक्क कायदा १९५७ नुसार काढून घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा, असतो. पण अनेक छायाचित्रकारांच्या कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरांत तो वेगळा करार असतो, माझ्याही असतो, तेव्हा सही करण्यापूर्वी वाचावे आणि फोटो कुठे, किती काळ वापरता येतील हे लिहून घ्यावे. छापायच्या कामासाठी मूळ फाइल मागावी : ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, ए-४ पान भरायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास तशीच येते. छायाचित्रकाराला बोलावण्यापूर्वी गेल्या महिन्यात गिऱ्हाइकांनी फोनवर आणि मेसेजवर विचारलेले प्रश्न एका कागदावर उतरवून ठेवावेत आणि तो कागदच त्याच्या हातात द्यावा. ज्याने तो वाचून आधी दुकान पाहायला मागितले, त्याला काम द्यावे. ज्याने न वाचता ‘मॉडेल कोण आहे’ असे विचारले, त्याचा नंबर लग्नसराईसाठी जपून ठेवावा.

दरांविषयीच्या चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत, पण अध्यक्ष उभे राहिले आहेत. त्या मी बाहेर चहाच्या टेबलाशी घेतो.